दिवसभर श्वास रोखून

पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते. झाड तेच, फांदीही तीच. ही गंमत नीट लिहून ठेवली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण हिंदुस्थानात अनेक वर्षे घालवलेल्या बेंजामिन हाइने या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली त्याचे पत्र छापले. सकाळचे पान चुक्याइतके आंबट असते आणि दिवस चढतो तसा आंबटपणा ओसरत जातो, असे त्याचे निरीक्षण होते. हाइनेला यामागचे कारण सापडले नाही. प्रकाशामुळे पानात काहीतरी बदल होत असावा, एवढा अंदाज त्याने बांधला.

त्याआधी दहा-अकरा वर्षे, १८०४ साली, जिनिव्हाच्या निकोला-थिओदोर द सोस्यूर याने आणखी एक विचित्र गोष्ट छापली होती. झाडे अंधारात कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात, हे तोवर बऱ्यापैकी माहीत झाले होते. फड्या निवडुंगाचे तुकडे मात्र अंधारात वायू आत ओढून घेत होते. एकाने चव घेऊन पाहिली, दुसऱ्याने वायू मोजला. दोघे एकाच गोष्टीची दोन टोके धरून उभे होते, हे कळायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

गोष्ट अशी आहे. प्रत्येक हिरव्या झाडापुढे एक पेच असतो. साखर तयार करायची तर हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा, आणि तो घ्यायचा तर पानांवरची सूक्ष्म पर्णरंध्रे उघडायला हवीत. रंध्रे उघडली की वायू आत येतो तशी पाण्याची वाफही बाहेर जाते. सौदा फार महागाचा असतो. गहू, भात यांसारखी पिके एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवण्यासाठी साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम पाणी हवेत सोडतात. कोकणातल्या भातखाचरात हे परवडते. जिथे दुपारी जमीन पायाला चटके देते आणि हवेत दमटपणाचा मागमूस नसतो, तिथे असा खर्च करणारे झाड आठवडाभरही तग धरणार नाही.

पानफुटी, निवडुंग अशा मांसल वनस्पतींपैकी पुष्कळांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे वेळ बदलणे. दिवसभर रंध्रे मिटलेली असतात. सूर्य मावळला, हवा गार झाली, तिची सापेक्ष आर्द्रता वाढली की ती उघडतात. पण रात्री सूर्यप्रकाश नसल्याने साखर तयार होत नाही. म्हणून आत आलेला वायू आम्लाच्या रूपात पेशींमध्ये भरून ठेवला जातो. कच्च्या सफरचंदाला आंबट चव देणारे मॅलिक आम्ल ते हेच. प्रत्येक पेशीत रसाने भरलेली एक मोठी पोकळी असते, तिच्यात ते रात्रभर साठत राहते. पहाटेपर्यंत पान आंबट झालेले असते. मग रंध्रे मिटतात, ऊन पडते, आम्ल मोडते, त्यातला कार्बन डायऑक्साइड पानाच्या आतच मोकळा होतो आणि सूर्यप्रकाशात त्याची साखर बनते. दुपारपर्यंत आम्ल संपते आणि पानाची चव जाते. हाइनेने जिभेवर घेतला तो हाच हिशेब. पानफुटी ज्या कुळातली, त्या क्रॅसुलेसी कुळावरूनच या प्रक्रियेला ‘क्रॅसुलेशियन ॲसिड मेटॅबोलिझम’ हे नाव पडले. शास्त्रज्ञ त्याला थोडक्यात ‘कॅम’ म्हणतात. कॅम झाडे एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइडसाठी साधारण पन्नास ते शंभर ग्रॅम पाणी खर्चतात.

मेक्सिकोत फड्या निवडुंगाचे कोवळे फडे भाजीसाठी विकले जातात. भल्या सकाळी कापलेले फडे जास्त आंबट आणि उन्हे चढल्यावर कापलेले कमी आंबट, हे तिथल्या माणसांना कुठल्याही प्रयोगशाळेआधीपासून माहीत आहे.

जगातल्या वनस्पतींपैकी सुमारे सहा ते सात टक्के जाती ही पद्धत वापरतात, आणि त्या सगळ्या वाळवंटी नाहीत. गोव्यात, कोकणात पिकणारा अननस कॅम पद्धतीने वाढतो. पावसाळी जंगलात झाडाच्या फांदीवर मुळे टेकून राहणारी कितीतरी ऑर्किडेही त्यातलीच. भोवती पाऊस असला तरी फांदीच्या सालीवर पाणी ठरत नाही. सोलापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी अलीकडे लावलेले ड्रॅगन फ्रूट हे तर निवडुंगच आहे. त्याचे पांढरे, मोठे फूलही रात्रीच उमलते.

पाण्याची बचत झाली तरी या पद्धतीला एक मर्यादा आहे. दिवसभरात किती साखर बनवायची, हे आदल्या रात्री किती आम्ल साठले यावर ठरते आणि पेशीतली जागा ठरलेली असते. पाण्याची ददात नसेल तर अननस किंवा घायपात बऱ्यापैकी जोमाने वाढतात. पण खऱ्या वाळवंटात बहुतेक रात्री तेवढीही रंध्रे उघडता येत नाहीत. आणि दुष्काळ लांबलाच, तर ही झाडे आणखी एक पाऊल मागे घेतात: रंध्रे रात्रीही उघडायची नाहीत. श्वसनातून आत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड रात्री आम्लात बांधायचा, दिवसा सोडवायचा, पुन्हा वापरायचा. वाढ शून्य होते, पण यंत्रणा गंजत नाही. पाऊस पडताच झाड लगेच कामाला लागते. साध्या झाडाने रंध्रे महिनोन्‌महिने मिटून घेतली तर उन्हात त्याची हिरवी यंत्रणा जळून जाईल; इथे निदान प्रकाशाला खपायला जागा उरते.

हे थांबणे किती लांबू शकते? अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरा वाळवंटात भोपळ्याच्या कुळातला एक वेल आहे. त्याचे मूळ फुगून जमिनीवर लाकडाच्या ओंडक्यासारखे पडलेले असते. असे एक मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात संग्रहालयाच्या कपाटात ठेवले होते. माती नाही, पाणी नाही. त्याला दरवर्षी कोंब फुटायचे, पाऊस न आल्याने सुकायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुटायचे. सात वर्षे हे चालले. त्याची नोंद करणारा डॅनियल मॅकडुगल पुढे ॲरिझोनातल्या वाळवंट प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

ती प्रयोगशाळा कार्नेगी संस्थेने १९०३ साली ट्यूसॉन गावाबाहेरच्या तुमामॉक टेकडीवर उभारली. टेकडीच्या उतारांवर सग्वारो निवडुंग उभे होते. सिनेमातल्या काउबॉयमागे हात वर करून उभा दिसतो, तोच हा. पुढे त्याच्या प्रजातीला कार्नेगीचेच नाव मिळाले. पोलादाच्या कारखानदाराला झाडांच्या यादीत अशी कायमची जागा मिळाली. इथे एफी स्पाल्डिंग या संशोधिकेने एक साधे पण चिकाटीचे काम केले. सग्वारोच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या घड्या असतात. दोन घड्यांमधले अंतर तिने पुन्हा पुन्हा मोजले आणि झाडात पाणी येते-जाते तशी ही अंतरे बदलतात, हे १९०५ साली दाखवून दिले. पेटीचा भाता उघडतो-मिटतो तसे हे खोड पावसानंतर फुगते आणि कोरड्या महिन्यांत मिटत जाते, पण साल कुठेही फाटत नाही. आतून लाकडी काठ्यांचे गोलाकार कडे त्याला उभे धरते. मोठे झाड पाणी पिऊन तुडुंब झाले की काही टन वजनाचे होते, आणि त्यातला बहुतेक भाग पाणीच असतो.

वाळवंटात मोठ्या पानांना जागाच नाही. पातळ पान म्हणजे थोड्या मालाभोवती भरपूर पृष्ठभाग आणि पाणी उडून जाते ते पृष्ठभागावरूनच. तेवढाच माल गोल किंवा खांबासारख्या आकारात बसवला तर उघडा भाग कितीतरी कमी होतो. म्हणून निवडुंगांनी पानांचे काम खोडाकडे सोपवले. आपल्या बांधावरच्या फड्या निवडुंगाचे चपटे फडे म्हणजे पाने, असा पुष्कळांचा समज असतो. तेही खोडच आहे. खरी पाने पाहायची तर अगदी कोवळा फडा शोधावा. त्यावर लहान, हिरव्या, शंकूच्या आकाराची टोके दिसतात आणि थोड्याच दिवसांत गळून पडतात. खोडाला जाड, मेणचट साल असते. आतला गर चिकट असतो. कोरफड कापली की हाताला लागतो तसा हा बुळबुळीतपणा पाणी धरून ठेवायला मदत करतो. पाणी कमी पडू लागले की पहिल्यांदा मधल्या साठवणीच्या पेशी आक्रसतात आणि आपले पाणी बाहेरच्या हिरव्या थराला देतात. साखर बनवणारा थर शेवटपर्यंत सांभाळला जातो.

वाटसरू निवडुंग कापून पोटभर पाणी पितो, हे दृश्य मात्र कथा-चित्रपटांपुरतेच खरे मानावे. बहुतेक निवडुंगांच्या रसात आम्ले आणि अल्कलॉइडे असतात. ते प्यायल्यावर मळमळ, उलट्या होण्याचा धोका असतो, आणि तहानलेल्या माणसाला उलटी म्हणजे उरलेले पाणीही गमावणे.

मुळांची गोष्ट याहून नवलाची. वाळवंटातले झाड खोल मुळे सोडत असेल, असे वाटते. सग्वारोची बरीचशी मुळे जमिनीत दहा-पंधरा सेंटिमीटरवरच पसरलेली असतात. झाड जेवढे उंच, साधारण तेवढ्या अंतरापर्यंत चहूकडे. वाळवंटी सर येते आणि जाते, माती वरवर भिजते आणि पुन्हा तापते. त्या अवधीत वरचेच पाणी गाठायचे असते. माती ओली होताच काही तासांत जुन्या मुळांवर नवी, बारीक, तात्पुरती मुळे फुटू लागतात आणि माती वाळली की मरून जातात.

मरण्याला कारण आहे. कोरडी माती झाडाला नुसती उपाशी ठेवत नाही, ती झाडातलेच पाणी ओढून घेऊ शकते. कॅलिफोर्नियातला शास्त्रज्ञ पार्क नोबेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घायपात व निवडुंगांच्या मुळांवर अनेक वर्षे काम केले. कोरडे पडताच मूळ आक्रसते, त्याच्या आणि मातीच्या मध्ये हवेची बारीक फट राहते, आतल्या पाण्याच्या नळ्यांत हवा शिरते आणि वाहतूक बंद पडते. ओल्या मातीत आत येणारा रस्ता कोरड्या मातीत बाहेर जाण्यासाठी वापरता येत नाही. मांसल वनस्पतींबद्दल लिहिताना सगळे साठ्याचे कौतुक करतात, पण हा साठा मातीत परत झिरपू न देणे हे त्याहून कठीण काम आहे.

काटे म्हणजे संरक्षण, हे शाळेतले उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. दिवसा रंध्रे मिटलेली असल्याने घाम येऊन अंग गार व्हावे तशी सोय या झाडांना नाही. ऊन अंगावर घ्यायचे आणि सोसायचे. कित्येक निवडुंगांच्या पेशी साठ अंश सेल्सियसच्या आसपासचे तापमानही झेलू शकतात. पण शेंड्याच्या कोवळ्या, वाढत्या पेशी जपाव्या लागतात. तिथे काट्यांची आणि लोकरीसारख्या तंतूंची दाट टोपी असते. सोनोरातल्या ‘टेडी बेअर’ चोया निवडुंगाचे पिवळसर काटे इतके दाट असतात की खालचे हिरवे अंग जेमतेम दिसते. ही सावली फुकटची नाही. तेवढा प्रकाश कमी मिळतो आणि वाढ मंदावते.

घरोघरी कुंडीत दिसणारा, सशाच्या कानांसारखे फडे असलेला मेक्सिकोतला निवडुंग याहून पुढे जातो. त्याची बारीक कुसळे बोटात घुसली की दिवसभर सलतात. चिनी संशोधकांनी २०१२ साली ही कुसळे सूक्ष्मदर्शकाखाली धुक्यात ठेवून पाहिली. टोकावर मागे वळलेले सूक्ष्म काटे, त्याखाली उभे चरे, आणि कुसळाचा आकार टोकाकडे निमुळता. धुक्याचा थेंब टोकावर जमतो आणि गुरुत्वाकर्षणाकडे न पाहता जाड बुंध्याकडे सरकतो; तिथल्या केसांमधून तो आत जातो. धुक्यातून पाणी गोळा करणारी कृत्रिम जाळी बनवू पाहणाऱ्यांनी या कामाचा आधार घेतला आहे.

या सगळ्यात वेळ फार जातो. सग्वारोच्या एका फळात दोन हजारांच्या आसपास बिया असतात, आयुष्यभरात एक झाड कोट्यवधी बिया टाकते. त्यातले एखादेच रोप टिकते, तेही बहुधा पालो व्हर्दे किंवा मेस्कीट अशा एखाद्या झुडपाच्या सावलीत. पहिल्या आठ-दहा वर्षांत त्याची उंची जेमतेम तीन-चार सेंटिमीटर होते. ट्यूसॉनजवळच्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानात झाड साधारण सत्तराव्या वर्षी दोन मीटर होते आणि तेव्हा पहिल्यांदा फुलते. पहिला ‘हात’ फुटायला शंभरी गाठावी लागते. दीडशे-दोनशे वर्षांचे आयुष्य असेल तर अशी चालढकल जमते. फुले रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतात. रात्री वटवाघळे, दिवसा होले आणि मधमाश्या असे दोन्ही पाळ्यांतले पाहुणे त्यांना मिळतात. टोहोनो ओओधाम हे तिथले मूळ लोक जूनच्या कडक उन्हाळ्यात सग्वारोच्याच लाकडी काठ्या जोडून लांब आकडी करतात आणि लाल फळे पाडतात. त्यांच्या पाकापासून मद्य आंबवून पाऊस बोलावण्याचा विधी होतो. पाठोपाठ जुलैत पावसाच्या सरी येतात.

आता एक गंमत. महाराष्ट्रात ज्यांना आपण सरसकट निवडुंग म्हणतो त्यांतले अर्धे निवडुंगाच्या कुळातले नाहीतच. तिधारी निवडुंग आणि कुंपणाचा शेर हे एरंडाच्या कुळातले, यूफोर्बिया. ओळखायची खूण सोपी: खोड मोडले की पांढरा चीक आला तर यूफोर्बिया. (चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला इजा होते, तेव्हा परीक्षा दुरूनच बरी.) खरे निवडुंग मूळचे अमेरिका खंडांतले. एक लहानशी झाडावर वाढणारी जात सोडली तर जुन्या जगात ते नैसर्गिकरीत्या नव्हतेच. आफ्रिकेत यूफोर्बियाच्या काही जाती मात्र तशाच खांबासारख्या, तशाच घड्यांच्या, तशाच काटेरी झाल्या. दोन्ही कुळांचा नातेसंबंध लांबचा आहे, मध्ये महासागर आहे. ऊन, पाणी आणि भूमिती यांनी दोघांना एकाच आकारात आणले.

मग सगळी वाळवंटे अशा झाडांनी भरलेली का नाहीत? सहाराच्या पोटात मांसल झाडे जवळजवळ नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी मोठी खोडमांसल झाडे नाहीत. आपल्या थारमध्येही वाळूत ती विरळाच. खडकाळ टेकड्यांवर राजस्थानी लोक ज्याला थोर म्हणतात तो यूफोर्बिया उभा दिसतो. कारण साठवणीचा धंदा बेभरवशाच्या पावसावर चालत नाही. पाच-सात वर्षे कोरडी गेली आणि मग एकदाच धो-धो कोसळला, तर साठा मध्येच संपतो. अशा ठिकाणी बीरूपाने वाट पाहणाऱ्या वनस्पती जिंकतात. मांसल वनस्पतींना थोडाच, पण वेळेवर येणारा पाऊस लागतो. सोनोरात वर्षाला दोन पावसाळे असतात, हिवाळी आणि उन्हाळी. कडक थंडीही यांना सोसत नाही, कारण पाण्याने भरलेले अंग गोठले की पेशी फाटतात.

अमेरिकेतले निवडुंग ऑस्ट्रेलियात पोचले तेव्हा मात्र त्यांना ओसाड पण पावसाचा भरवसा असलेली कुरणे मिळाली आणि त्यांना खाणारे कीटक मागेच राहिले. ब्रिटिशांना निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील कीटकांपासून किरमिजी रंग हवा होता. लष्करी अधिकाऱ्यांचे लाल डगले त्याच रंगाचे. त्या आणि इतर कारणांनी आलेल्या जातींपैकी काही मोकाट सुटल्या. १९२० च्या दशकात क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्समध्ये सुमारे दोन कोटी चाळीस लाख हेक्टर जमीन फड्या निवडुंगाखाली गेली. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तीन-चतुर्थांशाहून हे जास्त आहे. शेवटी अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नावाचा पतंग आणला. त्याच्या अळ्यांनी फडे आतून पोखरून काही वर्षांत रान मोकळे केले. क्वीन्सलँडमधल्या बूनार्गा या खेड्यातल्या शेतकऱ्यांनी १९३६ साली आपल्या सभागृहाला त्या पतंगाचे नाव दिले. हिंदुस्थानात हे आधीच, आणि चुकून, घडले होते. १७९५ साली रंगासाठी आणलेले कोचिनील कीटक भलत्याच जातीचे निघाले. रंग हलका उतरला, पण त्यांनी निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला.

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा ‘सक्युलंट कारू’ हा मांसल वनस्पतींचा खरा बालेकिल्ला. तिथे हिवाळ्यात पाऊस पडतो, कमी पडतो, पण बहुधा चुकत नाही. जगातल्या मांसल जातींपैकी जवळपास तिसरा हिस्सा एवढ्याशा पट्ट्यात आहे. ‘जिवंत दगड’ म्हणून ओळखली जाणारी लिथॉप्स ही वनस्पतीही दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातलीच. विल्यम बर्चेल या इंग्रज प्रवाशाने १८११ साली प्रिस्काजवळ एक चमत्कारिक आकाराचा खडा उचलला, तेव्हा तो झाड निघाला. लिथॉप्सला एका वेळी दोनच जाडजूड पाने असतात आणि ती बहुतेक जमिनीत गाडलेली. वर दिसतो तो सपाट माथा, रंगाने आसपासच्या गारगोट्यांसारखा. हा माथा अंशतः पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून आत उतरतो, पाणीदार गरातून विखुरतो आणि पानाच्या आतल्या बाजूच्या हिरव्या थराला मिळतो. म्हणजे झाड जमिनीखाली राहून सूर्यप्रकाश वापरते. दरवर्षी मधल्या फटीतून नवी जोडी येते आणि जुन्या पानांतले पाणी शोषून घेत वाढते. जुनी पाने कागदासारखी सुकून जातात. बियांची कुपीही तितकीच हिशेबी. कोरड्या हवेत ती घट्ट मिटलेली असते. पावसाचा थेंब पडला की तिच्या झडपा उघडतात, पुढचे थेंब बिया उडवतात, आणि वाळली की कुपी पुन्हा मिटते. सगळ्या बिया एकाच सरीवर उधळल्या जात नाहीत.

सह्याद्रीला वाळवंट कोणी म्हणणार नाही. पण कड्यावरच्या खडकाच्या फटीत मूठभर माती असते. पावसाळ्याचे चार महिने सरले की तिथे पुढचे आठ महिने पाण्याचा थेंब नसतो. अशा फटीत शिंदळ माकुडी वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलस डाल्झेल याने १८६५ साली तिचे वर्णन करताना प्रजातीला मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले, ‘फ्रेरिया इंडिका’. जगात ती फक्त महाराष्ट्रात सापडते. जुन्नरजवळचा शिवनेरी किल्ला ही तिची प्रसिद्ध जागा. तांबूस, पिवळ्या ठिपक्यांचे पंचकोनी फूल ज्यांनी पाहिले ते ती विसरत नाहीत. तिच्या जवळच्या नातलगांनी पाने जवळजवळ सोडून दिली आहेत. हिने ती ठेवली, पण पावसाळ्यापुरती. कोरडा हंगाम आला की पाने गळतात आणि हिरवे, मांसल खोड मागे राहते. जर्मनीतल्या संशोधकांनी १९७७ साली मोजमापे घेऊन दाखवले की तिची पाने इतर झाडांप्रमाणे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात आणि खोड रात्री घेते. म्हणजे पाणी असेल तेव्हा भरभर कमवायचे आणि संपले की रात्रीच्या काटकसरीवर यायचे. एकाच रोपात दोन्ही पद्धती. मान्सूनच्या मुलखात यापेक्षा शहाणा तोडगा सापडणे अवघड.

या सगळ्यांची मदार रात्रीवर आहे, आणि नेमकी तीच आता बदलते आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनाच्या फिनिक्स शहरात ३० जूनपासून सलग ३१ दिवस दुपारचे तापमान ४३.३ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक राहिले. सग्वारोला तापलेली दुपार नवी नाही. पण काँक्रीट आणि डांबराने भरलेल्या शहरात अनेक रात्री तापमान ३२ अंशांच्या खाली उतरेना, पाऊसही लांबला. रात्री हवा गार झाली नाही की रंध्रे उघडता येत नाहीत किंवा उघडली तर पाणी जाते. झाड ना धड खाऊ शकते, ना विसावू शकते. शहरातल्या बागांमधल्या सग्वारोंचे हात गळून पडू लागले, काही झाडे मुळासकट कोसळली. शहरातल्या वनस्पती उद्यानातल्या तज्ज्ञांनी या पडझडीचा संबंध तापलेल्या रात्रींशी जोडला. दिवसाच्या उन्हाविरुद्ध लाखो वर्षांत बांधलेली तटबंदी रात्रीच्या उष्म्यापुढे फारशी कामाची नाही.

कारूतले संकट वेगळे आहे. गेल्या काही वर्षांत जगभर कुंडीतल्या लहान मांसल झाडांचे वेड वाढले आणि समाजमाध्यमांवर दुर्मीळ रोपांची खरेदी-विक्री जोरात सुरू झाली. २०१९ नंतर दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी रानातून उपटलेली लाखो रोपे जप्त केली आहेत, त्यांत लिथॉप्सच्या नात्यातली चिमुकली कोनोफायटम सर्वाधिक. एखाद्या टेकडीपुरत्या मर्यादित असलेल्या जाती दोन-तीन रात्रींत साफ होतात. बोटाच्या पेराएवढे रोप अनेक वर्षांचे असू शकते आणि ते नव्या जागी बहुधा जगत नाही.

भारतातही ही झाडे आता रोपवाटिकांत आणि ऑनलाइन दुकानांत सहज मिळतात. घेताना रोप बियांपासून किंवा कलमापासून वाढवलेले आहे ना, हे विचारावे. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर दुसरे घ्यावे. शिवनेरीच्या कड्यावर शिंदळ माकुडी फुललेली दिसली तर तिचा फोटो काढावा, पण जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमावर टाकू नये.